तिसऱ्या दिवशी घरी? आधी घराचा उंबरठा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ६९, पुढच्या आठवड्यात नाशिकला डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट आहे, आणि सर्जन म्हणतात तिसऱ्या दिवशी घरी. शेजारच्या काकूंना काही वर्षांपूर्वी दहा दिवस ठेवलं होतं, म्हणून घरात कुजबुज सुरू आहे की पॅकेजपायी लवकर काढून देतात की काय. घर दिंडोरीच्या पुढे मळ्यातल्या वस्तीवर, संडास अंगणापलीकडे आणि देशी. दोन दिवस जास्त ठेवा असं सांगावं का? शेवटी एक ओळ मामांची: वय ४८, खुब्याचं ऑपरेशन ठरतंय, त्यांनाही हेच लागू का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकच्या हॉस्पिटलांत, आणि त्याहून जास्त लोकांच्या घरी जाऊन, बावीस वर्षं हेच काम करते आहे. डिस्चार्जच्या कागदावर सही माझी नसते. पण सही करण्याआधी राऊंडला सर्जन मला एकच विचारतात, "जिना झाला का?" त्या प्रश्नाच्या मागेपुढे जे पाहिलं ते सांगते. औषधांचा शेवटचा शब्द अर्थात तुमच्या डॉक्टरांचा.

आधी ती कुजबुज. तिसरा दिवस म्हणजे हाकलणं नव्हे. जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या हॉस्पिटलात आजच्या खुबाबदलाचा पाया घातला, त्या काळी पेशंट आठवडेच्या आठवडे खाटेवर असायचे. नव्वदच्या दशकात हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जननी ऑपरेशननंतरच्या या पडून राहण्यालाच हात घातला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज सकाळी विचारायचा एक साधा प्रश्न धरला: ऑपरेशन नीट झालंय, मग हा माणूस आज हॉस्पिटलात कशासाठी आहे? दुखतंय म्हणून, चक्कर येते म्हणून, पायात जोर नाही म्हणून, किंवा नुसतंच कुणी "जा" म्हटलं नाही म्हणून. एकेका कारणाचा बंदोबस्त केला तसे दिवस कमी होत गेले. डेन्मार्कमध्ये २००० साली खुब्या-गुडघ्याचा पेशंट सरासरी दहा-अकरा दिवस राहायचा. २००९ पर्यंत तो आकडा चारवर आला होता.

आपल्याकडेही तेच झालं, जरा उशिरा. आता मांडीत असा ब्लॉक देतात की दुखणं बधिर होतं, पण मांडीच्या स्नायूचा जोर बराचसा शाबूत राहतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमुळे रक्त कमी जातं, त्यामुळे रक्ताची बाटली चढवायची वेळ पूर्वीपेक्षा खूपच कमी येते. जखमेतलं रक्त काढणाऱ्या नळ्या एक तर घालत नाहीत किंवा दुसऱ्या दिवशी काढतात. बहुतेक ठिकाणी त्याच संध्याकाळी नाही तर दुसऱ्या सकाळी आम्ही पेशंटला उभं करतो. शेजारच्या काकूंच्या दहा दिवसांतले बरेचसे नळ्या निघण्याची आणि टाके निघण्याची वाट पाहण्यात गेले असणार. टाके आजही बारा ते चौदा दिवसांनीच निघतात, पण त्यासाठी हॉस्पिटलची कॉट अडवायची गरज नसते.

आणि जास्त दिवस राहणं फुकट नसतं, मी पैशांबद्दल बोलत नाहीये. पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ धरतो, वॉर्डातले जंतू आयते मिळतात. वयस्कर माणसं रात्री परक्या खोलीत भांबावतात. एक आजी तिसऱ्या रात्री मला सूनबाई समजून "गाय कुणी सोडली?" म्हणून रागावत होत्या. घरी गेल्यावर दोन दिवसांत ताळ्यावर आल्या.

तुमचा अमेरिकेतला एखादा नातेवाईक सांगेल की तिकडे सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी. खरं आहे. तिथल्या मेडिकेअरने, म्हणजे वयस्करांच्या सरकारी विमा योजनेने, गुडघा २०१८ साली आणि खुबा २०२० साली "भरती करूनच करायची ऑपरेशनं" या यादीतून काढला. पण त्याच्या घरी पलंगापासून दहा पावलांवर कमोड आहे. तुमच्या आईंचा संडास अंगणापलीकडे. फरक शरीरातला नाही, अंगणातला आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की दिवस मोजू नका, घर मोजा. घर तयार असेल तर पाचवा दिवससुद्धा उशीर आहे. घर तयार नसेल तर सातव्या दिवशीही आई तिथे अडकतील.

हे मी ठेच खाऊन शिकले. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका आजोबांना आम्ही मोठ्या कौतुकाने लवकर सोडलं. हॉस्पिटलच्या रुंद, कठडा असलेल्या जिन्यावर ते चार पायऱ्या चढले-उतरले, मी फॉर्मवर बरोबरची खूण केली. घर कुठलं, हे मी विचारलंच नाही. ते राहायचे पंचवटीतल्या जुन्या वाड्यात, वरच्या मजल्यावर. जिना लाकडी, अंधारा, शिडीसारखा उभा, धरायला एक दोर. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं आणि मग तीन आठवडे ते खाली उतरलेच नाहीत. टाके काढायची तारीख चुकली, गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला, पुढे तो सरळ करायला मला चार महिने लागले. तेव्हापासून पेशंटच्या मुलाला मी पहिल्याच भेटीत सांगते, घराच्या जिन्याचा, संडासाचा आणि झोपायच्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून आण.

तुम्ही तसेच फोटो काढा आणि ऑपरेशनच्या आधी दाखवा, नंतर नाही.

आता "तिसरा दिवस" म्हणजे नेमका कोणता, ते विचारून घ्या. यात फार घोळ होतो. सर्जन ऑपरेशनचा दिवस शून्य धरतात, घरचे तो पहिला धरतात. सोमवारी ऑपरेशन असेल तर एकाचा तिसरा दिवस गुरुवार, दुसऱ्याचा बुधवार. या एका दिवसाला महत्त्व आहे. पहिल्या दिवशी ब्लॉकचा असर असतो, पेशंट हसत वॉकरवर फेरी मारतो, व्हिडिओ कॉलवर सगळ्या पाहुण्यांना चालून दाखवतो. मग ब्लॉक उतरतो, आणि बहुतेकांची पहिली किंवा दुसरी रात्र सगळ्यात जड जाते. ती रात्र हॉस्पिटलात गेलेली बरी. मंगळवारी आई छान चालतायत म्हणून मंगळवारीच न्यायची घाई तुम्हीही करू नका.

आकडाच हवा असेल तर एका गुडघ्याला दोन ते चार रात्री हे आज साधारण आहे. दोन्ही गुडघे एकाच वेळी केले तर चार ते सहा धरा, कारण टेकायला धडधाकट पाय उरतच नाही.

सोडण्याआधी मी काय बघते, तर आई कुणी बगलेत हात न घालता खाटेवरून उठतात का. वॉकर घेऊन संडासापर्यंत जाऊन येतात का. कमोडवर बसून स्वतः उठतात का. दोन-तीन पायऱ्या होतात का. पायऱ्यांसाठी माझ्या सगळ्या पेशंटना एकच घोकायला लावते: चढताना धडधाकट, उतरताना दुखरा. म्हणजे चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. वॉर्डातल्या सिस्टर बाकीचं बघतात. सुई न देता, नुसत्या गोळ्यांवर दुखणं आवाक्यात आहे का, कॅथेटर काढल्यावर लघवी मोकळी झाली का, पट्टी कोरडी आहे का, ताप नाही ना, शुगर जागेवर आहे का. पहिले दोन दिवस अंग थोडं तापतं, त्याने घाबरायचं कारण नसतं. शुगरचं मात्र लक्षात ठेवा. मळमळ आणि सूज कमी व्हावी म्हणून अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, त्याने मधुमेही माणसाची साखर एक-दोन दिवस चढते. "घरी तर कधी इतकी नव्हती" म्हणून हवालदिल होऊ नका, आणि त्या चढलेल्या आकड्यावरून घरचा डोसही मनाने बदलू नका.

आणखी एक गोष्ट घरच्यांनीच टिपायची असते. आई ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, ऑपरेशननंतर जेवण नीट गेलं नसेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या गळून गेल्या, बोलण्यात भरकटल्या, तर "ऑपरेशनचा शीण आहे" म्हणून सोडून देऊ नका. सोडियम उतरलेलं असू शकतं. रक्ताची एक साधी तपासणी लागते. सिस्टरना स्पष्ट सांगा, "आमची आई अशी बोलत नाही." हे वाक्य घरचा माणूसच म्हणू शकतो.

गुडघा किती अंशात वाकला, याला लोक फारच धरून बसतात. नव्वद अंश झाल्याशिवाय सोडायचं नाही, असा पूर्वी दंडक होता. आता तसं नाही. वाकणं पुढच्या सहा आठवड्यांत येतं. पाय आपोआप वाकवणारं मशीन भाड्याने आणू का, असंही विचारतात. त्याने फारसा फरक पडत नाही असंच अभ्यासांत दिसलंय, ते पैसे कमोडच्या खुर्चीला घाला. मला काळजी असते ती पाय सरळ होण्याची. खाटेवर निजल्यावर गुडघ्याखाली उशी द्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. उशी किंवा घडी टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होतो. वेणी-फणी करून द्यायला येणारी प्रत्येक मावशी प्रेमाने गुडघ्याखालीच उशी सारते. तिला आधीच सांगून ठेवा.

आता तुमचं घर. वस्तीवरच्या घरांत मला तेच-तेच सापडतं. झोपायला खाट बुटकी असते आणि सुतळीची असेल तर मध्ये खोल जाते. तिच्यातून उठताना गुडघा भलत्याच कोनात जातो. लाकडी पलंग किंवा दिवाण हवा, बसल्यावर पाय जमिनीला टेकून मांडी जमिनीला समांतर राहील इतका उंच. कमी पडला तर पायांखाली विटा नकोत, सरकतात. सुताराकडून ठोकळे करून घ्या. जमीन शेणाने सारवलेली असेल तर आई यायच्या दिवशी सारवू नका, ओल्या सारवणावर वॉकर सरकतो. वॉकरची रबरी बुटं झिजलेली नाहीत ना ते बघा, भाड्याने आणलेल्या वॉकरची बहुतेक झिजलेलीच असतात. उंबरठा चार बोटांपेक्षा उंच असेल तर ती एक पायरीच समजा. पायात सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी.

संडासासाठी खाली भांडं असलेली कमोडची खुर्ची पलंगाजवळच ठेवा, निदान पहिले दोन-तीन आठवडे तरी. आई लाजतील. "घरात कसं बसू" म्हणतील. या लाजेपायी पाणी कमी पिणाऱ्या, रात्री लघवी दाबून धरणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बांधलं जातंच. कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा आडपडदा बांधा, इसबगोल जवळ ठेवा, आणि भांडं कोण धुणार हे आजच ठरवा. शक्यतो ते सुनेवर ढकलून मोकळे होऊ नका. देशी संडासाला उकिडवं बसणं विसरायचं, बरं झाल्यावरही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात माणूस कोण असणार? तुमच्याकडे द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबरच्या छाटणीत किंवा काढणीच्या दिवसांत घरातला प्रत्येक हात बागेत असतो. आई घरी आणि बाकी सगळे बागेत, असं पहिल्या आठवड्यात चालणार नाही. तारीख मुहूर्तावरून नव्हे, माणसाच्या सवडीवरून ठरवा.

तर मग दोन दिवस जास्त ठेवा म्हणावं का? नाही. दिवस मागू नका, अट मागा. "आई स्वतः उठून कमोडपर्यंत जाईपर्यंत आणि पायऱ्या होईपर्यंत सोडू नका," असं म्हणा. कुठलाही शहाणा सर्जन याला नाही म्हणणार नाही. उलट नुसतं "घरी सोय नाही" म्हणून राहिलात तर पॅकेजबाहेरचं बिल लागतं, आणि वैद्यकीय गरज नसलेले दिवस विमा कंपनी नाकारू शकते. दोन दिवसांनी घराचा उंबरठा काही खाली जाणार नसतो. घराची तयारी होणं शक्यच नसेल, तर माझ्या मते उत्तम तोड म्हणजे टाके निघेपर्यंत नाशिकमध्येच राहणं. सिडकोत, इंदिरानगरला, नाशिक रोडला कुठेतरी बहीण-भाची असतेच. तळमजला किंवा लिफ्ट, आत कमोड, आणि घरी येऊन व्यायाम घेणारा फिजिओ. सुरगाणा-पेठकडच्या माझ्या पेशंटना मी हेच सुचवते, कारण तिकडून टाक्यांसाठी परत येणं हाच एक प्रवास होतो.

सोडण्याचा दिवस म्हणतो तशीच सोडण्याची वेळही असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. डॉक्टर सकाळी नऊला "आज घरी" म्हणतात, आणि पेशंट संध्याकाळी सातला गाडीत बसतो, थकलेला, गोळीची वेळ टळलेली. कॅशलेस असेल तर आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२४ च्या परिपत्रकानुसार, हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. पण ते तीन तास सुरू होतात हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर. म्हणून आदल्या संध्याकाळीच विमा डेस्कला जाऊन सांगा, सकाळी फाइल लवकर लावा. उजेडात घरी पोहोचायचं हे ठरवून चाला. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी द्या. रिक्षा नको. गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवा; आधी बसायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे.

शनिवार-अमावास्येला घरी न्यायचं नाही, हे मी दर महिन्याला ऐकते. अमावास्येवर मी वाद घालत नाही, एक रात्र राहा म्हणते. पण शनिवारबद्दल माझंही थोडं तसंच मत आहे, कारण वेगळं: रविवारी ओपीडी बंद, घरी येणारा फिजिओ सुट्टीवर, आणि घरचा पहिला दिवस हाच सगळ्यात जास्त प्रश्नांचा.

कागदांत तीन गोष्टी बघून घ्या. डिस्चार्ज कार्डावर बसवलेल्या सांध्याचं स्टिकर, म्हणजे कंपनी, साइज आणि बॅच नंबर लावलेला आहे का. पंधरा वर्षांनी कुणाला तरी ते लागेल. रक्त पातळ करणारं औषध कोणतं, आणि किती तारखेपर्यंत: गुडघ्याला साधारण दोन आठवडे, खुब्याला पाच आठवड्यांपर्यंत देतात, पण तुमच्या आईंची तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि ती औषधं पुरेशी नाशिकहूनच घेऊन जा, गावच्या मेडिकलमध्ये मिळतीलच असं नाही. तिसरं, रात्री उचलला जाईल असा फोन नंबर.

घरी गेल्यावर पट्टी पुन्हा-पुन्हा भिजायला लागली, थंडी वाजून ताप आला, पोटरी दगडासारखी घट्ट होऊन दुखायला लागली, तर त्याच दिवशी फोन करा. एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. गुडघा गरम लागणं, सुजणं, पोटरीपर्यंत निळं-जांभळं होणं मात्र चालायचंच. जखमेवर हळद, तेल, पाला काही लावायचं नाही, आणि मालिशवाल्या बाईंना टाके निघेपर्यंत दारातूनच चहा देऊन परत पाठवायचं.

मामांचं वेगळं आहे. ४८ व्या वर्षी खुबा बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यामागे अनेकदा स्टिरॉइड किंवा दारू असते. अशी माणसं वयाने तरुण, अंगात जोर, त्यामुळे दोन-तीन रात्रींत घरी जातात आणि गुडघ्यापेक्षा खुब्याचं दुखणंही लवकर ओसरतं. धोका नेमका तिथेच आहे. दुखत नाही म्हणून ते आठव्या दिवशी पाटावर जेवायला बसतात. मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर पहिले सहा ते बारा आठवडे खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नाहीतर सांधा निखळू शकतो. पुढच्या बाजूने केलं तर बंधनं कमी असतात, तेव्हा कुठून केलं ते विचारा. तुमच्या आईंच्या वेळी मी घराचे फोटो मागितले, मामांच्या वेळी मामींना समोर बसवून बोलेन. मोजे कोण घालून देणार, खाली पडलेली किल्ली कोण उचलणार, मोटरसायकलची किल्ली कुठे लपवायची, हे त्यांनाच ठरवावं लागेल.